उभा धागा, आडवा धागा

लालबाग म्हटले की बाहेरच्यांना गणपती आठवतो, मसाल्याच्या दुकानांतला मिरचीचा ठसका आठवतो, चिवडा गल्ली आठवते. आमच्या घरात मात्र आधी गिरणी. वडील साचेखात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, तेव्हा मी पाळण्यात होतो. पुढे भोंगे मुके झाले, गिरण्यांच्या जागी टॉवर उठले आणि वडिलांच्या बोटांतली विद्या बिनकामाची ठरली.

गेल्या वर्षी कॉलेजच्या मुलांना घेऊन मी जुन्नर तालुक्यातल्या खोडदला गेलो. तिथे गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली रेडिओ-दुर्बीण आहे: 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, सुमारे 25 किलोमीटर परिसरात पांगलेल्या. ह्याच स्वरूपांनी 1965 त कल्याणला 32 लहान तबकड्या मांडून सूर्याच्या रेडिओलहरी टिपल्या होत्या. परतल्यावर वडिलांनी विचारले, "त्या तबकड्या ऐकतात तरी काय?"

मी त्यांना गॅलरीत नेले. कठड्याच्या उभ्या गजांतून कपड्यांची दोरी ओवली. वरखाली हलवली, तर लाट पलीकडे गेली. आडवी हलवली, तर गजांतच अडली. आकाशातली रेडिओलहरही अशीच एका दिशेने हलत येऊ शकते. शास्त्रज्ञ ह्याला ध्रुवण म्हणतात. दीर्घिकेच्या गाभ्याशी इलेक्ट्रॉन चुंबकीय बलरेषांभोवती अफाट वेगाने गिरक्या घेतात. त्यांच्या लहरींचे हलणे बलरेषेशी काटकोनात असते.

"म्हणजे बाणा पाहून ताणा ओळखायचा!" वडील म्हणाले.

अगदी तसेच. पण वाटेतला विद्युत्‌भारित वायू त्या दिशेला पीळ देतो. लहर जितकी लांब, तितका पीळ जास्त. निरनिराळे पीळ एकत्र झाले की दिशाच पुसली जाते. विसर्जनाच्या गर्दीत एकाची चाल ओळखू येऊ नये, तशी. आपल्या आकाशगंगेच्या गाभ्याचे हेच झाले होते. लांब लहरींत हरवलेली दिशा 2000 साली मिलिमीटरभराच्या आखूड लहरींत सापडली. मग जगभरच्या दुर्बिणी एकत्र जोडून साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरच्या एम-87 दीर्घिकेतल्या कृष्णविवराभोवतीची चुंबकीय वीण 2021 त चित्रात उतरली. 2024 त आपल्या आकाशगंगेच्या गाभ्याचीही.

ते चित्र मी वडिलांना मोबाइलवर दाखवले. नारिंगी कडे आणि त्यावर बारीक, पिळदार रेषा. चाळीस वर्षांनी त्यांच्यापुढे कोणी कापड पारखायला ठेवले होते. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पाहिले.

"वीण बरी दिसते," ते म्हणाले. "उलटी बाजू बघायला मिळेल का?"