डार्मश्टाटच्या खिडक्या

फ्रँकफुर्टच्या दक्षिणेस तीसएक किलोमीटरवर डार्मश्टाट हे शहर आहे. आमची कन्या नोकरीनिमित्त तेथे राहते. काही वर्षांपूर्वी जानेवारीत मी, पत्नी आणि माझी 81 वर्षांची आई असे तिघे नाशिकहून तिच्याकडे महिनाभरासाठी गेलो. घर जुने, भाड्याचे. बैठकीच्या खोलीला रस्त्याकडे उघडणारी मोठी दुहेरी काचेची खिडकी. नाशिकला गॅलरीत बसून रहदारी पाहण्याची सवय असलेल्या आईने पहिल्याच दिवशी त्या खिडकीजवळची खुर्ची पटकावली.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अरे, काचेतून गारठा अंगावर येतोय." मी तापमापक पाहिला, खोलीत 21 अंश होते. फटींवरून हात फिरवला. वारा कोठेही लागत नव्हता. खोली पुरेशी उबदार आहे, वयामुळे तुला तसे वाटते, असे मी तिला समजावले. तिने शालीवर शाल घेतली आणि पुन्हा काही बोलली नाही. चार दिवसांनी तिचा सकाळचा रक्तदाब नेहमीपेक्षा बराच चढलेला दिसला, बोटे गार पडलेली होती. तेव्हा कोठे मी काचेला तळवा टेकवला. रुग्णाचे म्हणणे आधी ऐकावे, हे मी कनिष्ठ डॉक्टरांना नेहमी सांगत असतो. घरच्या रुग्णाच्या बाबतीत मात्र मी तापमापकावर विसंबलो होतो.

तापमापक हवेचे तापमान सांगतो. शरीराचा व्यवहार मात्र केवळ हवेशी नसतो. स्वस्थ बसलेल्या माणसाची निम्म्याहून अधिक उष्णता किरणांच्या रूपाने भोवतालच्या पृष्ठभागांकडे जाते. पृष्ठभाग जितका थंड, तितकी ती अधिक जाते. शिवाय काचेलगतची हवा गार होऊन जड होते आणि जमिनीवरून पायांकडे सरकते. ती झुळूक फटीतून आलेली नसतेच. युरोपात हीटर खिडकीखाली बसवतात तो याचसाठी, आणि आम्ही नेमका त्यावर जाड पडदा सोडला होता! उतारवयात शरीर उष्णता कमी निर्माण करते, थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्तदाब वाढतो. काही वृद्धांना तर थंडी वाजल्याची जाणीवही उशिरा होते. आईला ती वेळेवर झाली, हे आमचे भाग्य.

बाहेर उणे 5 आणि आत 21 अंश असताना एकेरी काचेचा आतला पृष्ठभाग जेमतेम 1-2 अंशांवर असतो. आमच्यासारख्या जुन्या, साध्या दुहेरी काचेचा 11-12 अंशांवर. आधुनिक तिहेरी काचेचा मात्र 18 अंशांच्या वर राहतो. खोलीतील हवा तीच. खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्या माणसासाठी या तीन निरनिराळ्या खोल्या आहेत.

खुर्ची आतल्या भिंतीकडे हलवली, हीटरवरचा पडदा आखूड केला. आठवड्याभरात रक्तदाब उतरला. त्याला इतरही कारणे असू शकतील, पण आईचे हात पुन्हा उबदार झाले, एवढे खरे.

त्या शहराचा या विषयाशी जुना संबंध आहे, हे मला नंतर कळले. शहराच्या क्रानिश्टाइन भागात 1991 साली वोल्फगांग फाइस्ट आणि स्वीडनचे प्राध्यापक बो अॅडमसन यांच्या कल्पनेतून चार घरांची एक ओळ उभी राहिली. तीच पहिली 'पॅसिव्ह हाउस'. एका घरात फाइस्ट सहकुटुंब राहत. मी ती पदपथावरूनच पाहिली, कारण लोकांची राहती घरे ती. स्मारक समजून डोकावणे बरे नव्हे. दिसायला अगदी साधी; सूर्य आत यावा म्हणून दक्षिणेस मोठ्या खिडक्या. कौतुक त्या खिडक्यांच्या पोटात आहे.

त्यातले मर्म मला कन्येच्या शेजारच्या सुतारकाकांनी समजावले. त्यांनी लायटर पेटवून आपल्या घरातील तिहेरी काचेसमोर धरला. काचेत ज्योतीच्या एकामागे एक अशा सहा प्रतिमा दिसल्या, तीन काचांच्या सहा पृष्ठभागांच्या. त्यांतील दोन वेगळ्या रंगाच्या होत्या. त्या पृष्ठभागांवर चांदीचा, डोळ्यांना न दिसणारा लेप असतो. तो प्रकाश आत येऊ देतो आणि खोलीची उष्णता आत परतवतो. काचांमधील पोकळीत आर्गॉन वायू भरतात, कारण त्यातून उष्णता हवेपेक्षा सावकाश वाहते. पोकळी 12 ते 16 मिलिमीटरची पुरते. फार रुंद केली तर आतला वायूच फिरू लागतो आणि उष्णता वाहून नेतो. काचांच्या कडेची पट्टी पूर्वी अॅल्युमिनियमची असे. तेथूनच ऊब निसटे आणि कडेला दव धरून बुरशी येई. दम्याच्या रुग्णांसाठी ती काळी कड काचेइतकीच महत्त्वाची. चौकटीचे पाहायचे ते निराळेच: उत्तम काच साध्या धातूच्या चौकटीत बसवणे म्हणजे लोकरी कोट घालून अनवाणी हिंडणे.

इतकी ऊब राखायची आणि सकाळी खिडक्या सताड उघडायच्या, हा जर्मन रिवाज आईला शुद्ध वेडेपणा वाटे. पण पाच-दहा मिनिटांत दमट हवा बाहेर जाते आणि भिंतींतली ऊब टिकते. घट्ट बंद घरात हे हवेच. (पॅसिव्ह हाउसमध्ये हे काम यंत्र करते, तेही बाहेर जाणाऱ्या हवेची उष्णता आत घेऊन.)

आपल्याकडे, अगदी निफाडच्या कडाक्यातही, तिहेरी काचेचा खर्च मी कोणास सुचवणार नाही. वृद्धांचा पलंग खिडकीपासून दूर घ्यावा, रात्री जाड पडदा ओढावा, सरकत्या खिडकीच्या फटींना ब्रशपट्टी लावून घ्यावी. मुलांकडे परदेशी हिवाळ्यात जाणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी काचेला हात लावून पाहावा. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली घरातील तापमान किमान 18 अंश असावे असे सांगितले. वृद्धांसाठी त्याहून अधिक लागू शकते.

दोन वर्षांनी कन्येने घर बदलले. नव्या घरात शिरल्यावर आईने जोडे काढायच्या आधी खिडकीला तळवा लावला, माझ्याकडे पाहिले आणि खुर्ची थेट काचेलगत ओढली. बाहेर बर्फ पडत होते. दुपारभर ती तेथेच कापसाच्या वाती वळत बसली. शाल खुर्चीच्या पाठीवर तशीच होती.