मोऱ्यांकडून कोण खेळणार?

शनिवारची रात्र, साडेदहा. पोलादपूरला आत्याच्या घराची ओटी. दोन बाकं जोडून त्यावर प्लायवूड टाकलंय आणि त्या प्लायवूडवर अख्खं जावळीचं खोरं पसरलंय. चिखलात बुडवून वाळवलेल्या गोणपाटाचे डोंगर, हिरव्या रंगात बुचकळलेल्या स्पंजची झाडं आणि निळ्या रिबिनीची सावित्री. माझ्यासमोर लग्नपत्रिकांच्या खोक्याचा पुठ्ठा उभा, म्हणजे पलीकडच्यांना माझे फासे दिसू नयेत. मी दोन फासे टाकले. एक आणि एक. बेरीज दोन.

आमच्या वहीतल्या तक्त्यानुसार दोन म्हणजे मेला.

पुठ्ठ्यावरून चार चेहरे माझ्याकडे बघत होते. मी शांतपणे म्हटलं, "सहा. जखमी. पुढचा एक खेळ बाहेर बसेल."

पाच महिन्यांत मी या लोकांशी खोटं बोलले ते हे पहिलंच. आणि बॉस, ते पचलं नाही.

थांबा, जरा मागे जाते. तुम्ही म्हणाल, वीकएण्डला मुंबईहून एसटीत बसून पोलादपूरला जायचं आणि तिथे मातीचे मावळे हलवायचे, हा काय प्रकार? झालं असं की एका फीचरसाठी मी टेबलावर युद्ध खेळणाऱ्या लोकांना भेटले होते. (फीचर छापून आलं. मानधनाचं विचारू नका. फ्रीलान्सरला हा प्रश्न विचारणं असभ्यपणाचं आहे.) मला वाटलं होतं, मोठ्या माणसांचा टाइमपास असेल. निघाली भलतीच जुनी भानगड. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशावरच्या युद्धाचे नियम छापले. त्यात फासे होते आणि दोन्ही बाजूंना काय दिसतंय हे ठरवणारा पंचही होता. १९१३ मध्ये एच. जी. वेल्सने शिशाच्या खेळण्यातल्या शिपायांसाठी 'लिट्ल वॉर्स' लिहिलं. याच घराण्यात १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' जन्मला, आणि सैन्याऐवजी एकेक माणूस महत्त्वाचा झाला. मग १९९९ मध्ये 'मॉर्डहाइम' आला. त्यात तुमची दहा-बारा जणांची टोळी एका खेळातून पुढच्या खेळात जाते. जो जगला त्याला अनुभव मिळतो. जो पडला त्याच्यासाठी वेगळा फासा. तो कदाचित मरतो, कदाचित आयुष्यभर लंगडतो. आणि एखाद्या साध्या शिपायाला योग्य आकडा पडला तर तो चक्क नायक होतो!

हे वाचल्यावर मला आमचा दिवाळीचा किल्लाच आठवला. तुम्हीही केला असेल. विटा, माती, गोणपाट, वर पेरलेले अळीव आणि सिंहासनावर महाराज. आमच्याकडे मावळ्यांना नावं होती. पण भाऊबीज झाली की सगळे खोक्यात जायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा कोरे करकरीत निघायचे. मागच्या वर्षी बुरुजावरून पडून ज्याचा हात तुटला त्याची गोष्ट कुणी पुढे नेलीच नाही.

ती न्यायची तर जागा हीच. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढलात की प्रतापगड. त्याच्या पल्याड जावळी. याच तालुक्यात उमरठ, तानाजी मालुसऱ्यांचं गाव. आणि खाली महाड तालुक्यात रायगड, जो तेव्हा रायगड नव्हता. रायरी होता, चंद्रराव मोऱ्यांकडे. जानेवारी १६५६ मध्ये महाराजांनी जावळी घेतली, चंद्रराव रायरीवर गेला, आणि काही महिन्यांत तीही पडली. एवढीच गोष्ट घ्यायची, असं मी ठरवलं. आठ खेळ, महिन्याला एक. दसऱ्याला सुरू आणि पावसाळ्याआधी बंद, कारण खऱ्या मोहिमाही तशाच असायच्या. शिवाय जूननंतर घाटात मुंबईची एसटी कुठे आणि किती वेळ अडकेल, त्याचा नेम नाही.

पहिली अडचण आत्याने काढली. लसूण सोलत ती म्हणाली, "खेळा काय खेळायचं ते. पण महाराजांवर फासे टाकायचे नाहीत."

तिचं बरोबर होतं. त्यामुळे आमच्या पटावर महाराज नाहीतच. त्यांची आज्ञा येते, बंद पाकिटात, ती मी लिहिते. अॅक्चुअली यामुळे खेळ सुधारला. वर बसून सगळं दिसणारा कुणी नाही. पाच-पाच माणसं घेऊन जंगलात शिरलेले तिघे, आणि समोर काय आहे ते त्यांना ठाऊक नाही.

दुसरी अडचण मोठी होती. मोऱ्यांकडून कोण खेळणार?

शेजारचे सर (इतिहासाचे, निवृत्त) स्वराज्याकडून. नववीतला भाचा अर्थातच स्वराज्याकडून. त्याची मी आत्या आणि माझी आत्या ती त्याची आजी, त्यामुळे ओटीवर कुणी "आत्या" म्हटलं की आम्ही दोघी वळतो. वहिनीने स्वराज्य घेतलंच होतं, विचारायची सोय नव्हती. शेवटी दादा म्हणाला, "दे इकडे मोरे. आळीत तीन घरं मोऱ्यांची आहेत. हरलो तर बाहेर बोलू नका, एवढं करा."

दादा म्हणजे माझा आतेभाऊ. महाडमध्ये त्याचं स्टेशनरीचं दुकान आहे. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडात शिरलं, त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली, हे तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. दुकानाचं काय होतं ते मात्र टीव्हीवर दिसत नाही. वह्या पाणी पितात. पिऊन फुगतात. इतक्या फुगतात, की लाकडी रॅक फोडून बाहेर येतात. पाणी ओसरल्यावर आम्ही फावड्याने कागद ओढत होतो. माळ्यावर आमच्या लहानपणच्या मावळ्यांचं खोकं होतं, पाणी तिथवर गेलं होतं. मातीच्या मावळ्यांचा चिखल झाला. एक प्लॅस्टरचा तुतारीवाला तेवढा सापडला, खालचा पाट नाही, तुतारी अर्धी. दादाने त्याला एम-सीलने बाटलीच्या बुचावर बसवला आणि गल्ल्याशेजारी ठेवला.

मोऱ्यांचे पंधरा जण दादाने नवे आणले, पण सोळावा हा. माझ्या नियमात सोळा बसत नव्हते. मी बसवले.

आता सांगते, मोहीम चालवणं म्हणजे नेमकं काय. नियम पाठ करणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. प्रत्येक माणसाचं वहीत एक पान. नाव, गाव, जखमा आणि जगलेल्या प्रत्येक खेळाला एक रेघ. चार रेघा झाल्या की फासा टाकायचा आणि एक कसब मिळवायचं. कुणी रात्री चालतो, कुणाला चोरवाट ठाऊक, कुणी पडताना एकदा सावरतो. गंमत तिसऱ्या खेळापर्यंत टिकते. मग कळतं, की जिंकणाऱ्याच्या माणसांना कसबं मिळतात, म्हणून तो पुन्हा जिंकतो आणि पुन्हा कसबं मिळवतो. हरणाऱ्याकडे नवशिके उरतात. तेही पुढच्या खेळात पडतात. व्याजावर व्याज, दुसरं काय! मॉर्डहाइममध्ये यावर उतारा आहे, दुबळ्या बाजूने बलवानाशी झुंज दिली की तिला जास्तीचा अनुभव. मीही तसंच केलं, दादाला प्रत्येक खेळात एक रेघ फुकट. तरी चौथ्या खेळानंतर त्याचे सातच उरले. त्यात तुतारीवाला होता आणि तो आता नायक होता. चोरवाट जाणणारा, पडताना सावरणारा. दादा त्याला उगाच पुढे घालायचा नाही. पण पाचव्या खेळात वहिनीने पारघाटाची वाट दोन्ही बाजूंनी दाबली. सावरायची ती एक वेळही वापरून झाली होती. मग एक आणि एक.

आणि मी म्हटलं, सहा.

रविवारी सकाळी पोलादपूर स्टँडवर मी गाडीची वाट बघत होते. दादा स्कूटर लावून आला. हातात वहिनीने दिलेला घावनांचा डबा.

"काल किती पडले होते?"

"सहा."

"पोरगा पाण्याचा तांब्या ठेवायला तुझ्या मागे आला होता."

मी काही बोलले नाही.

"पुरानंतर," दादा म्हणाला, "तीन महिने लोक माझ्याकडून नको असलेली पेनं घेऊन जायचे. घरी डझनभर असतील, तरी घ्यायचे. होलसेलवाला म्हणायचा, राहू द्या, सवडीने द्या. तू तिकडून नोकरीच्या लिंका पाठवायचीस. नवी मुंबईत ये, दुकान सोड. सगळे चांगलंच वागत होते, मी नाही म्हणत नाही. पण समोरचा आपल्याशी खरं खेळतोय की सांभाळून घेतोय, तेच कळेना. शनिवारी रात्री तेवढं कळायचं."

"तुतारीवाला होता दादा, म्हणून..."

"तो होता म्हणूनच. मोरे हरणार हे मला माहीत आहे. शाळेत शिकलोय. पण कसे हरतात ते तरी मला बघू दे."

गाडी आली. डबा घेऊन मी चढले. माणगावपर्यंत घावनं उघडायचा धीर झाला नाही.

पंच म्हणून मी पुठ्ठा का लावला होता, तर जावळी म्हणजे दाट रान आणि रानात कोण कुठे लपलंय ते फक्त मला माहीत हवं. हे कारण खरंच होतं. पण लपलेल्या माणसांसाठी चिठ्ठ्या पुरतात. पुठ्ठ्याआड फासे टाकायची गरज नव्हती. मला ती सोय हवी होती, एवढंच. दयाळू व्हायची सोय.

सहाव्या खेळाला मी पुठ्ठा नेलाच नाही. वहिनीने स्टीलची परात आणून मध्ये ठेवली आणि सगळे फासे तिच्यात पडायला लागले, खणखणत, सगळ्यांदेखत. खेळ सुरू व्हायच्या आधी दादाने वही उघडून तुतारीवाल्याच्या पानावर लाल रेघ मारली. तारीख घातली. मागच्या खेळाची.

त्या रात्री दादा जिंकला! एकदाच. चार माणसांनिशी. वहिनी दोन दिवस धुमसत होती, असं आत्याने फोनवर सांगितलं.

शेवटच्या खेळात रायरी पडली. पडणारच होती. दादाचे चार नायक जिवंत होते आणि माझ्याकडे पुढचा नियमच नव्हता, कारण मी मोहीम जिंकणाऱ्याच्या बाजूने लिहिली होती. तेव्हा सर बोलले. म्हणाले, मुरारबाजी देशपांडे आपल्याच महाड तालुक्यातल्या किंजळोलीचे. जावळीला ते मोऱ्यांकडून लढले होते, महाराजांच्या विरुद्ध. महाराजांनी त्यांना आपल्याकडे घेतलं. १६६५ मध्ये पुरंदर मिर्झाराजे आणि दिलेरखानाने वेढला, तेव्हा किल्ला लढवणारे तेच. दिलेरखानाने कौल देऊ केला, तो त्यांनी झिडकारला आणि लढता लढता पडले. जावळी ते पुरंदर, नऊ वर्षं.

ओटीवर कुणी काही बोललं नाही. मी मनात हिशेब करत होते, की माझ्या तक्त्यात असा माणूस कधी तयार झाला असता का. नसता. माझ्याकडे हरलेल्याला दोनच रस्ते होते, मेला किंवा लंगडतो.

मी तिथल्या तिथे नियम केला. चारही नायकांना स्वराज्यात यायची मुभा, सगळ्या रेघांसकट. फासा नाही. दादाने ठरवायचं.

दादाने बराच वेळ घेतला. तिघांना उचलून पलीकडे ठेवलं. एक भाच्याकडे, एक सरांकडे. सर्वांत अनुभवी वहिनीकडे, हे मी मुद्दाम नोंदवते. चौथा ढवळ्याचा पहारेकरी होता, घाटवाटेवर पहिल्या खेळापासून उभा, सहा खेळ जगलेला. त्याला दादाने हातात धरून ठेवलं.

"हा नाही येणार," म्हणाला. "हा घरी जाईल. याची शेती आहे."

"वहीत काय लिहू?" मी विचारलं. "मेला, जखमी, फितूर असे तीनच रकाने आहेत."

"फितूर खोड आधी," सर म्हणाले.

दादाने वही ओढली, पट्टीने एक उभी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'घरी'.

यंदाच्या जुलैत त्याचा फोटो आला होता. दुकानातला सगळा माल माळ्यावर चढवलेला, खालची रॅकं रिकामी, गल्ल्याशेजारी बुचावरचा तुतारीवाला. मी लिंक पाठवली नाही. माळा किती फूट वर घेतलास, तेवढं विचारलं. दीड फूट, म्हणाला. नव्या मोहिमेचा विषय प्रतापगड, नोव्हेंबर १६५९, हे सरांनी परस्पर जाहीर करून टाकलंय. अफझलखानाकडून कोण खेळणार यावर ग्रुपवर दोन दिवस शुकशुकाट होता. काल रात्री दादाचा मेसेज आला :

'मी. परात आणा.'