एल्कहार्ट : चाकांवरच्या घरांचा हिवाळा

अमेरिकेतील शिकागो शहरापासून पूर्वेकडे मोटारीने सुमारे दोन तासांच्या अंतरावर, इंडियाना राज्याच्या उत्तर सीमेलगत एल्कहार्ट हे शहर वसले आहे. सेंट जोसेफ आणि एल्कहार्ट या दोन नद्यांचा संगम शहरातच होतो. लोकसंख्या पन्नास हजारांच्या थोडी पुढे; म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. एके काळी बँडच्या वाद्यांसाठी हे गाव प्रसिद्ध होते. १९३० च्या दशकात येथे मोटारीमागे ओढून नेण्याची फिरती घरे तयार होऊ लागली आणि पाहता पाहता त्या धंद्याने सारा परिसर व्यापला. आज अमेरिकेत तयार होणाऱ्या दर पाच फिरत्या घरांपैकी चार किंवा त्याहूनही अधिक एल्कहार्ट आणि आसपासच्या गावांतून बाहेर पडतात.

या वाहनांना तिकडे ‘आरव्ही’ म्हणतात. काहींना स्वतःचे इंजिन असते. बहुसंख्य मात्र दणकट पिकअप गाडीच्या मागे जोडून न्यावी लागतात. आत शय्या, स्नानगृह, शेगडी, शीतकपाट, गरम पाण्याचा गीझर अशी सारी व्यवस्था असते. राष्ट्रीय उद्यानांच्या दूरच्या प्रवासात शुद्ध शाकाहारी जेवण मिळणे कठीण असते. म्हणून अमेरिकेत स्थायिक झालेली काही भारतीय कुटुंबेही सुटीत असे वाहन भाड्याने घेतात आणि आपले स्वयंपाकघर बरोबर घेऊनच निघतात.

या कारखान्यांत आमिश पंथाचे कामगार मोठ्या संख्येने आहेत. हे लोक स्वतः मोटारगाडी बाळगत नाहीत; शिपशेवाना आणि मिडलबरीच्या रस्त्यांवर त्यांच्या काळ्या घोडागाड्या आजही दिसतात. इतरांच्या प्रवासासाठी दिवसभर घरे बांधावीत आणि सायंकाळी आपल्या शेतावर परतावे, हा त्यांचा नित्यक्रम आहे. सुतारकामातील त्यांचा हात आणि कामातील चोखपणा ही या उद्योगाची मोठी पुंजी मानली जाते.

पण जेथे ही वाहने जन्म घेतात, तेथेच वर्षातील पाच महिने ती चालवणे अवघड असते. पश्चिमेला मिशिगन सरोवराचा अफाट जलविस्तार आहे. त्यावरून येणारे थंड वारे बाष्प उचलतात आणि किनाऱ्याच्या आतील प्रदेशावर हिमाचे थर रचतात. जानेवारीच्या रात्री तापमान शून्याखाली आठ-दहा अंशांवर उतरणे ही नित्याची गोष्ट. एखाद्या वर्षी ते उणे वीसच्याही खाली जाते. म्हणून आपल्याकडे दिवाळीचे वेध लागतात त्या सुमारास, ऑक्टोबरात, तेथील घरोघरी एकच काम सुरू होते. अंगणातले फिरते घर हिवाळ्यासाठी मिटून ठेवायचे.

या साऱ्या खटाटोपाचे मूळ निसर्गाच्या एका साध्या नियमात आहे. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते. बंद नळीत फुगायला जागा नसली की प्लॅस्टिक चिरते, पितळी नळ फाटतो, पंपाचे तुकडे होतात. यातील कपटाचा भाग असा की, हिवाळ्यात हे नुकसान दिसत नाही; कारण बर्फच त्या चिरेला बूच बनून बसलेला असतो. एप्रिलमध्ये टाकी भरून पंप सुरू केला, की भिंतीच्या आत पाणी झिरपू लागते. ते लक्षात येईपर्यंत जमिनीचे प्लायवूड कुजू लागलेले असते. अनेक विमा-करारांत निष्काळजीपणामुळे गोठून झालेल्या हानीची भरपाई मिळत नाही. जाणकाराकडून ही तयारी करून घेतली तर साधारण शंभर-दोनशे डॉलर लागतात, स्वतः केल्यास त्याहून पुष्कळच कमी. चुकल्यास मात्र खर्च हजारांच्या घरात जातो.

कामाचा क्रम ठरलेला असतो. प्रथम सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायच्या. शौचालयाची टाकी आधी आणि मोरी-स्नानगृहाची नंतर, म्हणजे दुसऱ्या टाकीच्या साबणपाण्याने निचऱ्याची नळी आपोआप धुतली जाते. मग पिण्याच्या पाण्याची टाकी. त्यानंतर गीझर : त्याची वीज आणि गॅस बंद करून तो पूर्ण निवू द्यायचा, नळ उघडून दाब उतरवायचा आणि मगच खालचे बूच काढायचे. गरम गीझरचे बूच उघडणाऱ्याला उकळत्या पाण्याचा फवारा भाजून काढतो, म्हणून अनुभवी माणूस येथे घाई करीत नाही. शेवटी वाहनाच्या पोटाखालचे, सर्वांत खोलगट जागी असलेले निचऱ्याचे दोन नळ उघडायचे. एक थंड पाण्याच्या वाहिनीचा, एक गरम पाण्याच्या.

एवढे केले तरी वळणावळणांत थोडे पाणी उरतेच, आणि घात करते ते हे उरलेले पाणीच. ते घालवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, कॉम्प्रेसरची हवा. ती दर चौरस इंचाला ३० ते ४० पौंड इतक्याच दाबाने सोडतात, कारण अधिक दाबाने सांधेच निखळायचे. दुसरा, प्रॉपिलीन ग्लायकोलयुक्त गुलाबी अँटिफ्रीझ. कडक थंडीत हा द्रव रबडीसारखा घट्ट होतो, पण बर्फासारखा फुगून नळी फोडत नाही. मोटारीच्या इंजिनात वापरले जाणारे शीतक बहुधा एथिलीन ग्लायकोलचे, म्हणजे विषारी असते. पिण्याच्या पाण्याच्या वाहिनीत त्याचा थेंबही जाता कामा नये. सावध मालक दोन्ही मार्ग एकापाठोपाठ अवलंबतात.

गुलाबी द्रव भरण्यापूर्वी पाण्याच्या गाळण्या काढून ठेवतात आणि गीझरकडे जाणारा मार्ग व्हॉल्व्ह फिरवून वगळतात. नाहीतर निम्म्याहून अधिक द्रव गीझरमध्येच जिरायचा. मग एकेक नळ उघडायचा, आधी थंड, मग गरम, आणि धार गुलाबी झाली की बंद करायचा. साध्या रचनेच्या वाहनाला दोन-तीन गॅलन, म्हणजे आठ ते अकरा लिटर द्रव पुरतो. विसर पडतो तो आडबाजूच्या जागांचा : बाहेरच्या अंगाला बसवलेला फवारा, शौचालयाचा फ्लश, बर्फ करण्याचे यंत्र. मोरीखालच्या वाकड्या नळीतही पेलाभर द्रव ओतावा लागतो. एक नळ विसरला, तर बाकीच्या दहांसाठी घेतलेले कष्टही त्या नळाला वाचवू शकत नाहीत.

पाण्याची बाजू संपली की विजेची. शिशाच्या बॅटरीचे वर्तन पाहण्यासारखे आहे. पूर्ण भरलेली बॅटरी शून्याखाली पन्नास अंशांतही गोठत नाही. पूर्ण उतरलेली मात्र शून्याखाली सात-आठ अंशांच्या आसपासच गोठून फुटू शकते. म्हणून ती काढून, भरून, कोरड्या जागी ठेवतात आणि मधूनमधून पुन्हा भरतात. लिथियमच्या बॅटरीचा नियम उलटा : शून्याखालच्या थंडीत तिला भरू नये, भरल्यास ती कायमची बिघडते.

धान्य, मसाले, बिस्किटे, अगदी साबणाची वडीही वाहनात ठेवत नाहीत. शीतकपाट पुसून त्याचे दार किलकिले ठेवतात, नाहीतर बुरशी धरते. उबेच्या शोधात येणारा उंदीर बोट जाईल एवढ्या भोकातून आत शिरतो आणि विजेच्या तारा कुरतडतो. विष ठेवले तर तो भिंतीच्या आत मरून दुर्गंधी सुटते. त्यामुळे जाणकार मंडळी विषाऐवजी त्याच्या वाटा बुजवण्यावर भर देतात. वाहनाखाली आडवे होऊन, नळी आणि तार जेथून आत जाते ती प्रत्येक फट पोलादी तारेच्या काथ्याने बंद करतात. गॅसच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद होतो. छतावरच्या सांध्यांचा लेप तपासला जातो. टायरांत पुरेशी हवा भरून त्यांखाली फळ्या सरकवल्या जातात. वरून हवा खेळेल असे कापडी आच्छादन घालतात. प्लॅस्टिकची ताडपत्री आतला दमट कोंडून ठेवते.

सगळेच मालक मात्र वाहन मिटून ठेवत नाहीत. ‘स्नोबर्ड’ म्हणजे ‘हिमपक्षी’ म्हणून ओळखली जाणारी निवृत्त मंडळी फ्लोरिडाला किंवा ॲरिझोनाच्या वाळवंटातील क्वार्टझ्साइटला हिवाळा काढायला जातात. जानेवारीत निघणाऱ्यांना तरीही हे सारे करावेच लागते. वाहिन्या कोरड्या ठेवून, बाटल्यांतले पाणी वापरीत ते दक्षिणेची वाट धरतात आणि रात्रीचे गोठणे मागे पडले की मगच टाकी भरतात.

एल्कहार्टने स्वतःचेही काही हिवाळे पाहिले आहेत. फिरते घर ही चैनीची वस्तू. मंदी आली की गिऱ्हाईक प्रथम तिलाच हात लावत नाही. २००८ साली इंधन महागले, कर्जे मिळेनाशी झाली आणि कारखाने एकामागून एक थंडावले. २००९ च्या वसंतात या भागातील बेकारी वीस टक्क्यांच्या जवळ पोचली. त्याच वर्षी फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा येथे आले ते या दुर्दशेमुळेच. २०१६ च्या जूनमध्ये ते पुन्हा आले तेव्हा बेकारी चार टक्क्यांच्या आसपास होती. पुढे महामारीच्या काळात लोकांनी विमान आणि हॉटेल टाळून फिरती घरे घेतली. २०२१ मध्ये उत्तर अमेरिकेतील कारखान्यांतून सुमारे ६ लाख वाहने बाहेर पडली. दोनच वर्षांनी, २०२३ मध्ये, हा आकडा सुमारे ३ लाख १३ हजारांवर आला.

व्यापारी घराण्यांना हे चढउतार नवे नाहीत. भरभराटीच्या हंगामात दुकान कोणीही चालवतो. मंदीत मालाला कसर लागू न देणे, उधारी आटोक्यात ठेवणे आणि जुने कसबी माणूस टिकवणे, यात पेढीची परीक्षा होते. अंगणातल्या त्या आच्छादलेल्या वाहनाचीही हीच गोष्ट आहे. न चालणारी वस्तू सुरक्षित असते, हा भ्रम आहे. थांबलेल्या वस्तूलाही राखण लागते, आणि ती थांबण्यापूर्वीच करून ठेवावी लागते.

म्हणूनच व्यवस्थित मालक एक वही ठेवतो. कोणता व्हॉल्व्ह कोणत्या बाजूला फिरवला, गीझरचे बूच कोठे ठेवले, बॅटरी कधी भरली, हे सारे तारखेनिशी तिच्यात असते. एप्रिलच्या मध्यावर, रात्री गोठण्याचे भय संपत आले की, ती वही उघडून उलट क्रमाने काम सुरू होते. गुलाबी द्रव धुऊन काढायचा, टाकीत घरगुती ब्लीच अल्प प्रमाणात मिसळून काही तास ठेवायचे, पुन्हा स्वच्छ पाण्याने धुवायचे. मग पंप सुरू करून सारे नळ बंद ठेवायचे आणि कान देऊन ऐकायचे. थोड्या वेळाने पंप आपोआप थांबला आणि थांबलेलाच राहिला, तर कोठेही गळती नाही. ऑक्टोबरातल्या कामाची पावती मालकाला त्या शांततेत मिळते.