मिरजेला जाल, तर तंबोऱ्याच्या तारा आणा

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणींच्या घरी कपाटावर नाहीतर पलंगाखाली गवसणीतला तंबोरा पडून आहे? लग्नाआधी मध्यमा-विशारदपर्यंत मजल गेलेली, माहेरहून तंबोरा बरोबर आलेला. मग मुलं, डबे, पै-पाहुणा यांत एकेक तार गंजून तुटत गेली. तो पुन्हा बोलता करायचं मनात असेल, तर एकदा मिरजेला जाऊन याच. अंबाबाईला नाहीतर नरसोबाच्या वाडीला आपण जातोच की! मिरज जंक्शन त्याच वाटेवर आहे.

स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला ‘सतारमेकर गल्ली’ एवढं सांगितलं की पुरे. दुकानं छोटीच, पण आढ्याला टांगलेले भोपळे बघत राहावेत असे. हे पंढरपूरकडचे, जाड सालीचे. भाजीचे नव्हेत बरं का! एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी इथे वाद्यं घडवायला सुरुवात केली. हत्यारांना धार लावणारे हात सतारीकडे वळले, ते आजतागायत. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

आता तारांचं. चार तारांचा संच मागितलात की कारागीर पहिल्यांदा विचारतो, “पट्टी कोणती?” इथेच आपण अडतो. बहुतेकजणी क्लासातली पट्टी सांगून मोकळ्या होतात. काळी चार! अहो, ती विसाव्या वर्षीची. दोन बाळंतपणं झाली, चाळिशी उलटली, की पुष्कळजणींचा आवाज खाली येतो. काळी तीनवर, पांढरी चारवरही येतो. त्यात कमीपणा कसला? जाण्यापूर्वी आठवडाभर पेटीवर सूर धरून बघा. मंद्रातला पंचम आणि वरचा षड्ज दोन्ही न ओढता लागतील, ती तुमची आजची पट्टी. तीच सांगा.

कारण पट्टीवर तारेची जाडी ठरते. काळी चारच्या तारा तशाच ठेवून तंबोरा काळी तीनला उतरवला, तर तारा सैल पडतात, नाद बसका येतो आणि जवारी बोलत नाही. तिथे एक नंबर जाड तार हवी. आणि हा नंबर मोठा फसवा आहे! तारेच्या गेजमध्ये आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक. तीस नंबरची तार ०.३१५ मिलिमीटर, तर अठ्ठावीस नंबरची ०.३७६.

मधल्या दोन जोडीच्या तारा पोलादी, एकाच गुंडाळीतल्या घ्याव्यात. चौथी खर्जाची, पितळी आणि जाड. ती जोडीच्या खाली पुरं एक सप्तक बोलते. पहिली पंचमाची. बायकांच्या तंबोऱ्याला तीही बहुधा पोलादी असते, पुरुषी तंबोऱ्याला पितळी किंवा ब्राँझची. म्हणून तंबोरा कोणता आहे ते सांगायला विसरू नका. सासऱ्यांचा लांब दांडीचा पुरुषी तंबोरा सुनेच्या उंच पट्टीत चढवायला गेलात, तर तारा तुटणारच. “मग जाड लावू या,” असं घरोघरी म्हणतात. उपयोग होत नाही. त्याच लांबीच्या जाड तारेला तोच सूर गाठायला ताणही तेवढाच जास्त लागतो, तीही तुटते. तिथे आखूड दांडीचा जनानी तंबोराच पाहिजे.

तंबोरा बरोबर नेता आला तर सोन्याहून पिवळं. गाडीत नेताना तारा थोड्या उतरवा, घोडीला कापड गुंडाळा. नव्या जाडीच्या तारेला जवारी पुन्हा काढावी लागते, आणि ते काम बसून पाहण्यासारखं आहे. कारागीर घोडी किंचित घासतो, तार छेडतो, कान देतो, पुन्हा घासतो. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवता सरकवता एका जागी नाद अचानक फुलतो. घाई मात्र करू नका त्याला. न्यायला जमलंच नाही, तर घोडीपासून वरच्या पट्टीपर्यंतची लांबी टेपने मोजून न्या.

काम होईपर्यंत ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात जाऊन या. १९३७ साली निवर्तलेले अब्दुल करीम खाँसाहेब तिथेच विसावले आहेत. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्मही मिरजेतलाच, १९०५चा. घरंदाज बाईनं चारचौघांत गाणं कमीपणाचं समजत, त्या काळात हिराबाई तिकीट लावून जाहीर मैफली करत होत्या. आपल्याला तर फक्त दार लावून तासभर बसायचं आहे!

येताना एकाऐवजी दोन संच घ्या. पोलादी तारांना तेलाचं बोट फिरवून कागदात गुंडाळा, पितळी वेगळी ठेवा. पावसाळ्यात ही काळजी फार लागते. आणि चारही तारा एकदम बदला. जुनीत नवी मिसळली की जोड जुळता जुळत नाही.