केंबळाचे घर

गेल्या दिवाळीत माझ्या पुतण्याने इंग्लंडहून एक फोटो पाठवला. तो नोकरीनिमित्त डेव्हन परगण्यात राहतो. तिथल्या एका खेड्यातले जुने शेतघर त्याला इतके आवडले, की भाऊबिजेला सगळे लोधिवलीला जमलेले असताना नेमका त्याचा फोटो येऊन थडकला. जाड मातीच्या भिंती, बसकी खिडकी आणि डोळ्यांवर टोपी ओढून बसलेल्या म्हाताऱ्यासारखे गवताचे भलेमोठे छप्पर! फोन हातोहाती फिरत काकूंकडे गेला. काकूंचे वय आज ऐंशीच्या पुढे. त्यांनी चष्मा पुसला, फोटो निरखला आणि म्हणाल्या, "अगंबाई, साहेबाचा गोठा वाटतं!"

सगळे हसले. पण गोठा नव्हे, तिथे माणसे राहतात, तशा घराला किंमतही चांगली येते आणि जुन्या घराला हात लावायचा तर सरकारची परवानगी लागते, हे पुतण्याने सांगितल्यावर काकू गप्प झाल्या. थोड्या वेळाने त्यांनी मागच्या दाराकडे पाहिले. तिथे आमचा गोठा उभा होता. आमच्या जुन्या घराचा केंबळाने शाकारलेला तेवढाच भाग शिल्लक राहिला होता, आणि तो पाडायचा की ठेवायचा हाच त्या दिवाळीत आमच्या घरातला वादाचा विषय होता.

लोधिवली म्हणजे मुंबई-पुणे रस्त्यावरचे, चौकाजवळचे गाव. याच चौकातून मॅलेट नावाचा ठाण्याचा कलेक्टर १८५० साली माथेरान चढला आणि पुढे डोंगरावर साहेबांचे बंगले उठले. हा 'बंगला' शब्दही मूळचा बंगालमधल्या शाकारलेल्या घराचा. साहेबांनी तो उचलला आणि थेट विलायतेला नेला! आम्ही मात्र डोंगराच्या पायथ्याशी आमच्या केंबळातच होतो.

आमचे घर बांधायला गवंडी लागला नव्हता. जोते दगडमातीचे. खांब आणि आढे जंगलच्या लाकडाचे, वासे बांबूचे. भिंती म्हणजे कारवीचे कूड. वर माती, शेण आणि तूस यांचा गिलावा. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, हे शहरी माणसाला वर्तमानपत्रातून कळते. आम्हांला ती भिंतीतून ठाऊक होती. छपराची उतरण इतकी उभी, की ओटीवर येताना मोठ्या माणसाला वळचणीखाली वाकावेच लागे. आजोबा म्हणत, "पाहुण्यानं घराला आधी नमस्कार करावा, मग यजमानाला." खरे कारण पावसाचे होते. गवतावरून पाणी चटकन निथळले पाहिजे. उतरण कमी पडली, की ते आत मुरते आणि छप्पर कुजते. डेव्हनच्या घराची उतरणही यासाठीच उभी आहे. चुलीला धुराडे नव्हते. धूर माळ्यावरून केंबळात शिरे आणि पेंढ्यातून झिरपत बाहेर पडे. त्याने डोळे चुरचुरत, पण छपराला कीड लागत नसे.

वैशाखात शाकारणी निघे. पहाटे आळीतली दहा-बारा माणसे येत. ठाकूरवाडीवरून दोघे-तिघे कसबी हात येत. दोघे वर बसत, चौघे खालून पेंढ्या फेकत. खाली सागाची नि पळसाची पाने, वर गवत आणि भाताचा पेंढा, मग बांबूच्या कांबी आवळून बांधायच्या. वळचणीपासून सुरुवात करून आढ्यापर्यंत जायचे, म्हणजे वरचा थर खालच्यावर चढतो आणि पाणी बाहेर ढकलतो. मजुरी कोणी मागत नसे. दुपारी आमच्याकडे जेवण, आणि दुसऱ्या दिवशी आजोबा त्यांच्या छपरावर!

आणि जुना पेंढा? तो टाकायचा नाही. धुराने काळा झालेला तो केंबळ शेतावर नेऊन शेण-पाल्यासह राबात पसरायचा आणि भाजायचा. त्याच राखेत पावसाच्या तोंडावर भाताचे रोप पेरायचे. म्हणजे शेतातला पेंढा घरावर आणि घरावरचा पेंढा शेतात.

इथेच इंग्रजाच्या घराची आणि आमची वाट वेगळी होते. तिकडे पाऊस वर्षभर भुरभुरतो. आमच्याकडे चार महिन्यांत शंभर इंचांहून अधिक कोसळतो. तिकडचे गव्हाच्या काडाचे छप्पर पंचवीस-तीस वर्षे टिकते, आणि दुरुस्ती करताना जुन्यावरच नवा थर चढवतात. डेव्हनमधल्या काही घरांत तळाचा थर पाचशे वर्षांपूर्वीचा सापडला आहे. धुराडी येण्याआधीच्या चुलीच्या काजळीने माखलेला आणि आता पेरले न जाणारे जुने गहू जपून ठेवलेला. त्यांच्या घराचा इतिहास त्याच्या डोक्यावर आहे. आमचे घर दर वर्षी डोके भादरून घेत आले. त्याचा इतिहास शोधायचा तर कुठे? शेताच्या मातीत आणि शाकारणाऱ्यांच्या हातांत!

पण केंबळाचे गोडवे गाताना आजी आठवते. सगळे गाव दिवाळीची वाट पाही. आजीला दिवाळीची धास्ती वाटे. आकाशकंदील वळचणीपासून दूर, अंगणाच्या टोकाला रोवलेल्या बांबूवर. पणत्या फक्त तुळशीवृंदावनाशी. फटाके खळ्यावर, तेही वारा पाहून. सगळे निजले तरी शेवटची पणती विझेपर्यंत आजी पाण्याची घागर जवळ घेऊन ओटीवर बसून असे. ही धास्ती विलायतेलाही चुकली नाही. शेक्सपिअरचे ग्लोब नाटकगृह १६१३ साली नाटकात उडवलेल्या तोफेची ठिणगी गवताच्या छपरावर पडून भस्मसात झाले. पुन्हा बांधले तेव्हा त्यांनी मुकाट्याने कौले घातली. १६६६ च्या मोठ्या आगीनंतर लंडनात असे छप्पर पुन्हा चढले ते थेट १९९७ साली, नव्या ग्लोबवर. तेही पाण्याचे फवारे बसवून. आजीच्या घागरीची ती सुधारलेली आवृत्ती!

आमच्याकडे कौले १९६८ साली आली. मंगळुरात बासेल मिशनने १८६५ साली काढलेल्या कारखान्याने जी कौले देशभर रूढ केली, त्याच घाटाची. त्या वर्षी पावसाळ्यात घरात एकही भांडे मांडावे लागले नाही. काकू तेव्हा नुकत्या लग्न होऊन आलेल्या. मी गेल्या दिवाळीत गोठ्याची बाजू घेऊन तावातावाने बोलू लागलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे, केंबळ आवडतो कुणाला? ज्यानं रात्री तान्हं मूल छातीशी धरून गळतीखालची गोधडी हलवली नाही, त्याला!" मला उत्तर सुचले नाही. जरा थांबून त्याच म्हणाल्या, "कौलं आली तशी गळती गेली, हे खरं. शाकारणीची माणसंही गेली. पुढल्या वैशाखात कुणी आलंच नाही. कशाला येतील?"

शेवटचा प्रयत्न म्हणून मी ठाकूरवाडीच्या म्हाताऱ्याला बोलावून आणले. एके काळी आढ्यावर बसून गाणारा हा माणूस. नातू कारखान्यात कामाला. म्हाताऱ्याने गोठ्याभोवती एक फेरी मारली, वासा दाबून पाहिला आणि मला विचारले, "दोन वर, चार खाली. तुम्ही किती जण, दादा?"

आम्ही तिघे भाऊ होतो. तिघेही साठी ओलांडलेले.

वैशाखात गोठा उतरवला. मी एवढेच मागून घेतले, की केंबळ उकिरड्यावर जाऊ नये. आम्ही तिघांनी तो भारे बांधून शेतावर नेला. निम्म्या वाटेत दम लागला. राब भाजला, रोप टाकले. पाऊस यंदा वेळेवर लागला.

आज नरकचतुर्दशी. घरावर विजेच्या माळा आहेत आणि वळचणीखाली फटाके उडवायला आता कोणाची हरकत नाही. पहाटे अभ्यंगस्नान झाल्यावर काकूंनी नव्या हळव्या भाताचे पोहे गूळ-खोबरे घालून पुढे ठेवले. "यंदा रोप बरं झालं," त्या म्हणाल्या. बस, एवढेच.

मी वाटी संपवली आणि आणखी थोडे मागून घेतले.