आधी पत्रा, मग कागद, इंजिन शेवटी

जुनी फियाट घ्यायची म्हटलं की ओळखीतला प्रत्येक जण पहिला प्रश्न इंजिनाचाच विचारतो. माझ्याबरोबर गाड्या बघायला येणारे नगरचे मिस्त्री मात्र बॉनेटला हात लावायच्या आधी जमिनीवर पोतं अंथरून गाडीखाली शिरायचे. त्यांचं म्हणणं असं की इंजिन कधीही बांधता येतं. या फियाटचं, म्हणजे प्रीमियर पद्मिनीचं, १०८९ सीसीचं इंजिन साधंसरळ आहे. त्याच्या रिंगा, पिस्टन, गॅस्केट अजून मिळतात. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी चिकाटीने फिरलं तर बरंच काही हाती लागतं. कुजलेला पत्रा मात्र गाडी घेऊनच जातो.

कारण पद्मिनीला वेगळी चासी नाही. बॉडी हाच तिचा सांगाडा. जीपचं तसं नसतं. जीपची बॉडी उचलून दुसरी बसवता येते. नगरच्या टँक म्युझियममधली रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टची चिलखती गाडी ज्यांनी पाहिली असेल त्यांना हा फरक चटकन कळेल. मोटारीच्याच चासीवर चिलखताचा डोलारा चढवलेला आहे तो. पद्मिनीत दारांखालची पेटी आणि फ्लोअर गंजून गेलं की गाडी उभी दिसते, पण आतून मोडलेली असते.

मिस्त्रींची परीक्षा ठरलेली. पातळ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक दारांच्या खालच्या कडेवरून, चाकांच्या कमानींवरून, डिकीच्या तळावरून फिरवायचं. जिथे ते पकडत नाही तिथे रंगाखाली पोटीन भरलेलं. मग एका बाजूला जॅक लावून गाडी उचलायची आणि त्या बाजूची दोन्ही दारं उघडून बंद करायची. दार अडकलं किंवा फट बदलली तर खालची पेटी गेली समजा. ही जॅकची परीक्षा मला सगळ्यात मोलाची वाटते. चकचकीत रंगाला भुलून लाखभर रुपये मोजणारा माणूसही पाच मिनिटांत सावध होतो.

नगर शहरातच एक क्रीम रंगाची गाडी दाखवली गेली. एका मालकाची, घरगुती वापराची, असं वर्णन. मिस्त्रींनी दाराच्या वरच्या कडेचं रबर जरा सोडवलं तर आत पिवळा रंग निघाला, खालच्या रबरामागे काळा. डिकीत गॅसच्या टाकीची पट्टी जिथे कसलेली होती तिथली भोकं बुजवलेली होती. मुंबईची टॅक्सी होती ती. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे, त्यामुळे २००३ साली नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. टॅक्सी असणं वाईट नाही, त्या गाड्यांनी मुंबई पोसली. पण खाऱ्या हवेत रात्रंदिवस राबलेला पत्रा आणि घरगुती गाडीचा पत्रा यांची किंमत एक होऊ शकत नाही.

नावावरूनही बरंच कळतं. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून निघाली ती फियाट ११०० डिलाइट. पुढे प्रीमियर प्रेसिडेंट, आणि १९७४ पासून पद्मिनी. तेव्हा ‘एकोणसत्तरची पद्मिनी’ असं कुणी सांगितलं की आरसी बुकातलं साल आणि चासी नंबर दोन्ही डोळ्यात तेल घालून बघावेत.

मला जी गाडी आवडली ती राहुरी तालुक्यात होती. १९८२ ची पद्मिनी, घरातल्या कर्त्या माणसाने वापरलेली, त्यांच्या पश्चात शेडमध्ये उभी. मिस्त्रींनी आधी शेडची जमीन पाहिली. पारनेर, कर्जत, जामखेडच्या कोरड्या हवेतल्या गाड्या त्यांना पसंत. पाटपाण्याच्या, उसाच्या पट्ट्यातल्या गाडीकडे ते संशयाने बघतात, कारण काळी माती खालून ओल देत राहते. इथे सुदैवाने कोबा होता. चालकाच्या पायाखालचा पत्रा बदललेला निघाला, काम बरं होतं. बाकी खालचा भाग स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहिला, टणक लागला. वायरिंग मात्र उंदरांनी खाल्लेलं. ते नवं घालायचंच असतं, त्याचा खर्च भावात धरायचा.

मग कागद. आणि इथे मी सगळ्यांना हात जोडून सांगतो, भाव ठरवायच्या आधी इथे थांबा. आरसी बुकातला इंजिन नंबर, चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. जुन्या बुकांच्या नोंदी संगणकावर चढलेल्या असतीलच असं नाही, ते आरटीओत जाऊन विचारावं लागतं. मालक हयात नसेल तर आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करावी लागते, मृत्यूच्या दाखल्यासह आणि इतर वारसांच्या संमतीने. त्यानंतरच फॉर्म २९ आणि ३०. राहुरीच्या त्या घरात एक मुलगी सासरी, एक मुलगा परगावी. सगळ्यांची संमती येईपर्यंत मी इसार दिला नाही. कुटुंबालाही ते पटलं.

खासगी मोटारीच्या नोंदणीचं पंधरा वर्षांनी आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. एप्रिल २०२२ मध्ये त्याचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी १०,०००. पर्यावरण कर वेगळा. पन्नास वर्षांपुढच्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी २०२१ पासून ‘व्हिंटेज’ नोंदणी आहे : शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि इंधन भरणं यापलीकडे रस्त्यावर आणता येत नाही. शनिशिंगणापूरला घरच्यांना घेऊन जायचं असेल त्याने या वाटेला जाऊ नये.

इंजिनाचं थोडक्यात. आपण पोचायच्या आधी गाडी सुरू करून ठेवू नका असं आधीच सांगावं, आणि गेल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघावा. थंड इंजिन चोक ओढून कसं उठतं त्यातच निम्मं कळतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर पाणी शिरतंय. इमामपूरच्या घाटात चढताना इंजिन तापतं का आणि उतरताना हँडलवरचा गिअर निसटतो का, ते बघावं.

आता एक नवी गोष्ट, जिच्याबद्दल जुनी माणसं सांगू शकत नाहीत. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल आहे. आपल्याच जिल्ह्यातले साखर कारखाने ते बनवतात आणि ऊस उत्पादकाला त्याचा आधार आहे, याचा मला आनंदच आहे. पण १९८२ सालच्या रबराने इथेनॉल कधी पाहिलेलं नाही. पाइप मऊ पडतात, पेट्रोल पंपाचा पडदा फाटतो, टाकीत साचलेला थर सुटून कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतो. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकलं तर आगीची भीती. म्हणून टाकीत बॅटरी मारून बघावं, आणि घेतल्याबरोबर इंधनाच्या सगळ्या नळ्या आणि पडदे इथेनॉल सोसणारे टाकावेत. मी ते पहिल्याच आठवड्यात करून घेतलं, रंगाला हात लावायच्या आधी.

आणि गाडी बघायला निघण्याआधी मिस्त्री बघा. कॉन्टॅक्ट पॉइंटची फट जुळवणारा, कार्बोरेटर कानाने ऐकून लावणारा माणूस आपल्या गावापासून किती लांब आहे? नगर याबाबतीत भाग्यवान. लष्कराचं आर्मर्ड कोअर सेंटर, वाहन संशोधनाची व्हीआरडीई, लुना बनवणारी कायनेटिक, या सगळ्यांमुळे इथे पिढ्यान् पिढ्या लोखंडाशी बोलणारी माणसं तयार झाली. न मिळणारा बुश एमआयडीसीतल्या लेथवर अजून बनून मिळतो. माझे मिस्त्री आता सत्तरीला आले आहेत. त्यांच्या भाच्याने माझ्या पद्मिनीचा डिस्ट्रिब्युटर त्यांच्यासमोर खोलला आणि पुन्हा बसवला, तेव्हा मी बाकीची रक्कम द्यायला राहुरीला फोन केला.