गच्ची कोणाची?

हौशी रेडिओ, म्हणजेच 'हॅम' हा छंद वाचकांनी निदान ऐकलेला असेल. केंद्र सरकारची परीक्षा देऊन, परवाना व स्वतंत्र हाकचिन्ह मिळवून ही मंडळी घरबसल्या दूरदेशीच्या माणसांशी बिनतारी संभाषण करतात. आम्हां कॅथलिकांना हा छंद परका नाही. नेपाळमध्ये शाळा उभारणारे येशूसंघीय फादर मार्शल मोरन 'नाइन एन वन एम एम' या हाकचिन्हाने जगभरातील हॅममंडळींना परिचित होते.

आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने ही परीक्षा दिली, परवानाही मिळवला. अडचण आली ती गच्चीची. चाळीस मीटरच्या पट्ट्यावर बोलायचे तर सुमारे 20 मीटर लांबीची तार उंचावर ताणावी लागते. डोंबिवलीच्या सज्जात ती मावणार कशी? राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर 2020 पासून ठाणे व कल्याण-डोंबिवलीलाही लागू आहे. तथापि गच्ची सामाईक, आणि तिचा शब्द सोसायटीचा. दिल्लीचा परवाना गच्चीचे कुलूप उघडत नाही!

सोसायटीने नकार दिला. कोणी म्हणाले, हा मोबाइलचा मनोराच. कोणी विजेची भीती घातली. मोबाइलचा मनोरा अहोरात्र चालतो, भाडे देतो. ही तार माणूस बोलेल तेवढाच वेळ प्रक्षेपण करते. विजेची भीती मात्र रास्त आहे. तिला उत्तर नकार नव्हे. जमिनीत नीट उतरवलेली अर्थिंगची तार आणि भक्कम ताण हे आहे.

अमेरिकेतही हा वाद झाला. 1985 साली तेथील संघीय दळणवळण आयोगाने ठरवले, की स्थानिक संस्थांनी हौशी रेडिओच्या अँटेनांना वाजवी जागा द्यावी आणि नियम गरजेपुरतेच ठेवावेत. खासगी सोसायट्यांना तो निर्णय बांधत नाही. परंतु त्यातील न्याय आम्हांस पटतो.

26 जुलै 2005 चा दिवस येथील कोण विसरेल? सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस कोसळला, उल्हास नदी कल्याण-बदलापूरच्या वस्त्यांत शिरली आणि दूरध्वनी मुके झाले. त्याआधी सातच महिने, डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत, अंदमानात गेलेल्या भारती प्रसाद या हॅमबाईंनी पोर्ट ब्लेअरहून आप्तांची खबर मुख्य भूमीवर पोहोचवली होती. अशा घडीला शेजारची एक तार साऱ्या इमारतीची वाचा होते.

आपल्यापैकी अनेक जण सोसायटीच्या कमिटीवर आहेत. असा अर्ज आला तर तो सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा. अभियंत्याची तपासणी, गच्चीच्या गळतीची हमी, दुरुस्तीच्या वेळी तार उतरवण्याचे लेखी वचन, अशा अटी अवश्य घालाव्यात. अटी घालणे हे शहाणपण आहे. न ऐकताच 'नाही' म्हणणे हा शेजारधर्म नव्हे.